मळा धाकट्याला, माळ थोरल्याला

आप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला तेव्हा सगळ्यांत आधी त्यांचं वाचन गेलं. शेतातली कामं त्याच्या आधीच माझ्या दोन भावांतल्या थोरल्याकडं गेली होती, त्यामुळं त्या बाबतीत ते फारसे हळहळले नाहीत. पण सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर पवित्र शास्त्र वाचायची त्यांची जन्माची सवय. आम्ही निपाणीजवळच्या एका गावातले ख्रिस्ती. आजोबांच्या काळात घराणं ख्रिस्ती झालं. बोलणं, जेवणखाण, शेती, सगळं शेजाऱ्यांसारखंच. फक्त रविवारी आम्ही देवळात जातो, आणि चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. आप्पा गावच्या मराठी शाळेत मास्तर होते. शाळा सुटली की धोतर वर खोचून तंबाखूत उतरायचे.

मी त्यांची मुलगी. बेळगावात मराठी शाळेत शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. नवरा लोंढ्याला रेल्वेत होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी पुण्याला असते. मोकळी कोण, तर मी. म्हणून आप्पांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. शनिवारी सकाळी बेळगावच्या स्टँडवर निपाणीची गाडी धरायची, काकती मागं पडली की पिशवीवर डोकं टेकून डोळे मिटायचे, निपाणीत उतरून गावची गाडी बघायची, आणि रविवारी उपासना झाल्यावर हाच प्रवास उलटा. गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते.

आप्पांना सगळं शास्त्र नको असायचं. गीतं त्यांना पाठ होती. मी पुस्तक उघडलं की म्हणायचे, "पयल्या भागातलं वाच. भावाभावांचं."

यहुदी लोकांच्या त्या जुन्या शास्त्रात भावाभावांचं कधी धड पटलेलंच नाही. पहिल्या दोघांतल्या एकानं दुसऱ्याला रानात नेऊन मारलं. पुढं एका बापानं लाडक्या मुलाला तेवढा सुंदर अंगरखा दिला, तर बाकीच्यांनी त्याला खड्ड्यात ढकलला आणि परक्या व्यापाऱ्यांना विकला. आणि त्यांच्यामध्ये ती जुळ्या भावांची गोष्ट. थोरला अंगानं केसाळ, रानात शिकार करणारा. धाकटा आईच्या पदराशी. बाप म्हातारपणी आंधळा होतो आणि मरायच्या आधी थोरल्याला आशीर्वाद द्यायचा म्हणतो. आई धाकट्याच्या हातांवर करडांची कातडी गुंडाळते आणि थोरला म्हणून त्यालाच आत पाठवते. बाप चाचपून बघतो, जेवतो, आशीर्वाद देतो. मग थोरला येतो, पण दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही.

ही गोष्ट आमच्या घरात मोठ्यानं वाचणं सोपं नव्हतं. बाहेर सोप्यात थोरला भाऊ बसलेला असायचा आणि त्याला सगळं ऐकू जायचं.

मला दोन भाऊ, दोघंही माझ्या पाठचे. थोरला आणि धाकटा हे शब्द आमच्या घरात त्या दोघांपुरतेच होते. वास्तविक पहिली जन्मले मी, पण मला आक्का म्हणायचे आणि मोजायचे त्या दोघांना. लहानपणी मला ते कधी खटकलं नाही. शेजारीपाजारी सगळीकडं तसंच होतं.

थोरला दणकट आणि अबोल. लहान असतानाच तो आप्पांच्या मागं तंबाखूत असायचा. त्या पानांचा चिकट काळा थर हाताला बसतो, साबणानं जात नाही. त्याच्या वह्यांच्या कडा नेहमी काळ्या असत. धाकटा नाजूक, पावसाळ्यात धाप लागायची, म्हणून आई त्याला चुलीजवळ बसवायची. बसल्या बसल्या तो वाचायचा आणि आईशी बोलायचा. आईला बोलणारं माणूस घरात तेवढंच. आप्पा शाळेत बोलून दमलेले असत.

थोरल्याची दहावी झाली त्या वर्षी आप्पांची कंबर धरली. मुलाला कोल्हापूरला कॉलेजात ठेवायचं तर रान बघायला माणूस नव्हतं. एका दुपारी थोरला खुडणीवरून आला, अंगाची आग झालेली, भूक लागलेली. आईनं ताट वाढलं आणि वाढता वाढता म्हणाली, "तू शिकणार, का धाकट्याला पुढं शिकवायचं? दोघांचं काय जमत न्हाय बघ."

तो भाकरी मोडत म्हणाला, "त्योच शिकू दे. मला काय करायचंय. जातो की मी रानात."

शास्त्रातल्या थोरल्यानं भुकेच्या भरात मसुरीच्या आमटीपायी आपलं थोरलेपण विकलं. आमच्या घरी झुणका होता, एवढाच फरक. मी तिथंच चुलीपाशी होते. तो रागानं बोलला नव्हता, मोठ्या मनानंही बोलला नव्हता. त्याला भूक लागली होती आणि समोर ताट होतं. पण पुढं आयुष्यभर ते वाक्य त्याच्यापुढं धरलं गेलं. आई म्हणायची, "तूच म्हणालातास."

धाकटा शिकला, बेळगावात एका कॉलेजच्या ऑफिसात लागला, तिथलीच मुलगी केली. सणाला यायचा, कपडे आणायचा, आईच्या गोळ्या आणायचा. थोरला रानात राहिला. तंबाखू उतरणीला लागली तेव्हा ऊस लावला, सोयाबीन केलं, विहीर खोल केली. आमचं रान दोन ठिकाणी. विहिरीचा मळा हमरस्त्याला लागून आणि गावाच्या वरच्या अंगाला दगडगोट्यांचा माळ. मळा काळ्या मातीचा. माळावर हुलगा आणि थोडी ज्वारी येते, तीही पाऊस मनासारखा झाला तर.

रस्ता रुंद व्हायला लागला तसे मळ्याकडं बघणारे लोक वाढले. कुणी पेट्रोल पंपाचं विचारायला आलं, कुणी धाब्याचं. आप्पा सगळ्यांना चहा देऊन परत पाठवायचे. पण आईच्या मनात तेव्हापासून घोळायला लागलं. धाकट्याला या मातीतलं काय मिळालं, असं ती मला भाजी निवडताना म्हणायची. थोरल्यानं एवढी वर्षं मळा खाल्ला.

मी म्हटलं, "खाल्ला म्हणजे? पिकवला की त्यानं."

"व्हय, पिकवला," ती म्हणायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच बोलायची.

आप्पांचे डोळे गेले होते, त्यामुळं घरात आईचं बोलणं सतत त्यांच्या कानावर. किती महिने चाललं ते सांगता येणार नाही. एके दिवशी धाकटा गाडी घेऊन आला, आप्पांना आणि आईला निपाणीला रजिस्ट्रार ऑफिसात घेऊन गेला आणि मळा धाकट्याच्या नावावर झाला. कागद कानडीत. आप्पांना कानडी वाचता येत नव्हतं, आणि आता मराठीही दिसत नव्हतं. पण धाकट्यानं सगळा मजकूर मराठीत सांगितला, काही लपवलं नाही, हे मला सांगायला हवं. कातडी गुंडाळावी लागली नाहीत. आप्पांनी समजून उमजून अंगठा दिला.

घरी आल्यावर त्यांनीच थोरल्याला मळ्यातून बोलावून घेतलं. तो शनिवार होता, म्हणून मी होते. धाकटा दोघांना दारात सोडून तसाच बेळगावला गेला होता.

आप्पा म्हणाले, "मळा धाकट्याला लिहून दिला."

थोरला उंबऱ्याजवळ उभा होता. पायाला चिखल होता म्हणून आत आला नाही. मग म्हणाला, "मग माझ्यासाठी काय ठेवलंय का न्हाय?"

"माळ हाय. घर हाय."

"माळ," तो म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला, "माळ." आणि वळला.

मी त्याच्या मागं गेले. तो विहिरीच्या कठड्यावर बसला होता. एवढा मोठा माणूस, मुलं लग्नाला आलेली, खांदे हलत होते. मी शेजारी बसले.

तो म्हणाला, "आक्का, मळ्याचं न्हाय गं. कुणी मला इचारलं न्हाय."

त्या दिवसानंतर त्यानं धाकट्याचं नाव घेतलं नाही. मळ्यात जायचंही सोडलं. ऊस तसाच उभा राहिला, शेवटी शेजाऱ्यानं तोडून नेला. एकदा अंगणात हात धुता धुता तो स्वतःशीच म्हणाला, "आप्पा हाईत तवर गप हाय मी." त्यात धमकी होती का, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण आईनं ते ऐकलं आणि तिला ती धमकीच वाटली. तिनं धाकट्याला फोन केला. म्हणाली, थोडं दिवस येऊ नको, त्याचा राग निवंल.

शास्त्रातली आईसुद्धा धाकट्याला हेच सांगून दूर पाठवते. थोडे दिवस. त्या आईची आणि मुलाची पुन्हा भेट झाली असं पुढं कुठं लिहिलेलं नाही. ती कधी मेली तेही लिहिलेलं नाही. मी इतक्या वेळा वाचलं, पण हे मला आमची आई गेल्यावरच दिसलं.

तिला अर्धांगवायूचा झटका आला. पहाटे परसात पडली, बोलणं बंद झालं. मी निरोप मिळाल्याबरोबर पोचले. निपाणीच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं की हलवण्यात अर्थ नाही. बाहेर रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की ती मान वळवायची. धाकट्याचा मला फोन आला. "येऊ का? अण्णा काय म्हणतोय?"

मी थोरल्याला विचारलं. तो गोठ्याच्या दारात उभा होता. ऐकलं आणि काहीच बोलला नाही. मी फोनवर तेच सांगितलं, काही बोलला नाही. धाकटा म्हणाला, बघतो. तो शब्दाची वाट बघत राहिला आणि इकडं कुणी शब्द दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही, तो निघाला. संकेश्वरापर्यंत आला असेल, तेव्हा मी फोन करून सांगितलं की आता सावकाश ये.

दफनाला तो आला. खड्ड्याच्या एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला तो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, दोघांनी मूठ मूठ माती टाकली. धाकटा घरात पाणीही न पिता परत गेला. आप्पा माझ्या हाताला धरून उभे होते. त्यांनी विचारलं, "दोघंबी हाईत न्हवं?" मी म्हटलं, "हाईत."

त्यानंतरची वर्षं मी निरोप नेण्यात घालवली. आप्पांची औषधं धाकटा आणून माझ्या घरी द्यायचा, मी ती गावाला न्यायची. थोरला माळावरचा हुलगा पिशवीत भरून द्यायचा, "तुझ्यासाठी" म्हणायचा, पण पिशवी दोन घरांना पुरेल एवढी. त्यातला अर्धा मी धाकट्याकडं पोचवायची, कुणाकडचा ते सांगायची नाही, आणि तो विचारायचाही नाही. धाकट्याच्या मुलाचं लग्न ठरलं. मी थोरल्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं." मी धाकट्याला सांगितलं, अण्णा बरं झालं म्हणाला. "आणि?" धाकट्यानं विचारलं. आणि काही नाही. लग्नाला थोरला आला नाही, त्याची मुलगी आली.

कधी कधी निपाणीच्या स्टँडवर बसले की वाटायचं, आपण कशाला हे करतोय. दोघंही साठीकडं आलेले. एकाचे केस गेले, एकाला साखर झाली. मला त्यांच्याबद्दल राग नव्हता आणि माया तरी पहिल्यासारखी होती का कोण जाणे. नुसता थकवा होता. गाडी आली की मी उठायची आणि चढायची.

एका संध्याकाळी ती जुळ्या भावांची गोष्ट वाचून झाली आणि आप्पा म्हणाले, "त्या म्हाताऱ्यानं वळखलं असंल."

"कुणाला?"

"धाकट्याला. आवाज धाकट्याचा हाय म्हणतोय की त्यो. कातडी गुंडाळून माणूस फसतो व्हय?" त्यांनी आपले हात मांडीवर उलटे ठेवले. "माझंच बघ. थोरल्याच्या हाताला तंबाकूचा वास, अजून हाय. धाकट्याच्या हाताला साबणाचा. पाऊल वाजलं की मला कळतंय कोण आलंय. डोळं कशाला पायजेत?"

"मग त्यानं आशीर्वाद दिला कशाला?"

आत थोरल्याची बायको भांडी मांडत होती.

"दमला असंल," ते म्हणाले. "रोज उठून बायकू एकच बोलती. दोन पोरं दोन बाजूला वढत्यात. म्हातारं माणूस किती दिवस धरून बसणार? म्हणालं असंल, घे बाबा, कोण बी घे, मला निजू दे."

हे ते त्या गोष्टीतल्या म्हाताऱ्याबद्दलच बोलत होते असं मी धरून चालले. सोप्यात थोरला होता. त्यानंही ऐकलं असणार. थोड्या वेळानं तो उठून आत आला, आप्पांच्या खांद्यावरची शाल सारखी केली आणि गेला.

आप्पा पडले ते पुढच्या उन्हाळ्यात. न्हाणीत पाय घसरला, खुबा मोडला. निपाणीतून बेळगावला न्यायला सांगितलं. थोरला त्यांच्याबरोबर अँब्युलन्समधून आला. मी हॉस्पिटलच्या दारात थांबले होते, धाकटाही आला होता. त्याला मीच कळवलं होतं, आणि थोरल्यालाही सांगून ठेवलं होतं की तो असणार. मला भीती वाटत होती. धाकट्यालाही वाटत असावी. त्यानं उगाच शहाळी आणली होती, थर्मासमध्ये चहा, एक घडीची चादर, आणि ते सगळं हातात धरून उभा होता.

अँब्युलन्सचं दार उघडलं. थोरला आधी उतरला. लांबचा रस्ता बापाचं डोकं मांडीवर धरून आलेला, शर्ट घामानं चिकटलेला. त्यानं धाकट्याकडं बघितलं. धाकट्यानं हातातलं सामान खाली ठेवलं आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला. थोरल्यानं त्याला दंडाला धरून उठवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"लई बारीक झालाईस," तो म्हणाला.

एवढंच. मग दोघांनी मिळून स्ट्रेचर धरलं. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात अडकल्यामुळं त्याला पुसता येत नव्हतं.

आप्पा हॉस्पिटलात होते तेवढे दिवस त्या दोघांनी पाळ्या लावल्या. थोरला धाकट्याच्या घरी आंघोळीला जायचा. धाकट्याची बायको त्याला डबा द्यायची. मी एकदा आत गेले तर दोघं बापाच्या दोन्ही बाजूंना स्टुलावर बसून झोपले होते, डोकी भिंतीला टेकलेली. मला बरं वाटलं. हे असंच राहील अशी आशा मी धरली नाही. पण त्या क्षणी बरं वाटलं.

कँटीनमध्ये माझ्यासमोर धाकटा म्हणाला, "अण्णा, मळा परत तुझ्या नावावर करतो."

थोरल्यानं बशीत चहा ओतला. "राहू दे. माझं मला हाय."

"न्हाय, खरंच सांगतोय."

"राहू दे म्हटलं की. आता ह्या वयात मळा घिऊन काय करू? पोरगं तर पुण्याला गेलंय."

मग धाकटा त्याला म्हणाला, "माळातला आणि घरातला माझा जो काय हिस्सा पुढं येईल त्यो तुला सोडतो." ह्याला थोरला नाही म्हणाला नाही. शेवटी धाकटा म्हणाला, "आप्पांना घरी नेलंस की रविवारी येतोच मी गावाकडं. देवळात एकत्र जाऊ."

"ये की," थोरला म्हणाला.

त्या रविवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. ऑफिसचं काम निघालं, मग पाहुणे आले, मग पावसाचं झालं. शास्त्रातले ते दोघे भाऊ पुष्कळ वर्षांनी भेटतात, थोरला धावत येऊन गळ्यात पडतो, दोघं रडतात. पाळकसाहेब रविवारच्या संदेशात एवढंच सांगतात. त्याच्या पुढं जे आहे ते कुणी सांगत नाही. धाकटा म्हणतो, तू हो पुढं, मी पोरंबाळं घेऊन हळूहळू तुझ्या मागून तुझ्या गावी येतो. आणि थोरला गेल्यावर तो दुसऱ्याच वाटेनं दुसऱ्याच गावी जातो. थोरला त्याला विचारायला येत नाही. मला वाटतं, दोघांनाही तेवढंच झेपणार होतं. मिठी झाली, राग संपला, पण शेजारी शेजारी राहायचं बळ दोघांत उरलं नव्हतं.

पुढं ते भेटतात ते बापाला पुरायला. आमच्याकडंही तसंच झालं. आप्पा दिवाळीच्या आधी गेले, झोपेत. या वेळी दोघं खड्ड्याच्या एकाच बाजूला उभे राहिले, आणि नंतर धाकटा घरी येऊन जेवला.

महिन्याभरानं ते दोघं माझ्या घरी आले, बेळगावला, बरोबर. माझ्या सोफ्यावर शेजारी शेजारी बसले. मी इतकी वर्षं ज्यासाठी खेटे घातले ते समोर बसलेलं बघून मला हसूच आलं. मी चहा केला, चिवडा दिला. चहा संपल्यावर धाकट्यानं पिशवीतून कागद काढला.

"आक्का, हक्कसोडपत्र हाय. माळ आणि घर अण्णाच्या नावावर करायचंय. माझी सही झाली. तुझी लागती तेवढी."

मी कागद हातात घेतला नाही. का, ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. मला माळाची गरज नव्हती. पेन्शन आहे, घर आहे. थोरल्यावर अन्याय झाला हे मी डोळ्यांनी बघितलेलं, त्याच्याकडं उरलं होतं ते तेवढंच. तरी माझ्या तोंडून आलं, "घराची सही देते. माळाची न्हाय."

दोघांनी एकाच वेळी माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "शास्त्रात पाच बहिणी हाईत. आठवत्यात?"

आठवत नव्हत्या. मी सांगितलं. बाप प्रवासातच मेला, मुलगा नव्हता. पाचही पोरी सगळ्या समाजासमोर तंबूच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पुढाऱ्याला म्हणाल्या, आमच्या बापाचा हिस्सा आम्हाला द्या. पुढाऱ्याला काय उत्तर द्यावं कळेना, त्यानं देवाला विचारलं. देव म्हणाला, पोरींचं बरोबर आहे.

धाकटा ऑफिसातला माणूस. तो म्हणाला, "पण त्यास्नी भाऊ नव्हता आक्का. तुला दोन हाईत."

"म्हणूनच तिसरा हिस्सा. त्यांनी सगळंच मागितलंतं."

धाकट्यानं कागदाची घडी घातली. कायदा त्याला माहीत होता, आमच्या लोकांत मुलगा मुलगी सारखीच. मग थोरला पुढं सरकला. तो म्हणाला, "तुला काय करायचंय त्या दगडाचं?"

"काय न्हाय."

"मग?"

"मग काय न्हाय. असू दे माझं."

त्यानं मान हलवली. रागावला नाही, निदान दाखवलं नाही. जाताना चपला घालताना एवढंच म्हणाला, "भाईरच्याला इकायचं न्हाय मातर." त्या पाच बहिणींनाही जमीन मिळाल्यावर त्यांच्या घराण्यातले पुरुष पुढाऱ्याकडं आले होते. जमीन परक्या घराण्यात जायला नको, म्हणून लग्नं आपल्यातच करा असं त्यांना सांगितलं गेलं आणि त्यांनी ते मानलं. मीही मानलं. मी विकणार होते कुणाला.

थोरल्याच्या बायकोला मात्र ते लागलं. वर्षभर ती माझ्याशी मोजकंच बोलायची. तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्या रानात राबली ती होती.

मोजणी झाली त्या दिवशी ऊन होतं. मोजणीदार कानडीत बोलत होता, धाकटा त्याला उत्तरं देत होता, थोरला पहारीनं खड्डे घेऊन दगड पुरत होता. मी करंजाच्या सावलीला बसले होते. माझ्या वाट्याला उताराकडचा तुकडा आला, ओढ्याच्या अंगाला निमुळता. दुपारी धाकटा गाडीनं परत गेला. मला सोडतो म्हणाला होता, पण मी राहिले.

मोजणीदारही गेल्यावर थोरला पहार खांद्यावर टाकून माझ्याजवळ आला. हद्दीचा दगड पायानं दाबून बघत म्हणाला, "पाऊस लागला की पेरावं लागंल. काय पेरू तुझ्यात?"

"तुला काय वाटतंय ते पेर."

"रान तुझं हाय. तू सांग."

मी उठून त्या तुकड्याकडं बघितलं. मला शेतीतलं काही कळत नाही. आजवर मला कुणी असं विचारलंच नव्हतं. बराच वेळ मी विचार करत उभी राहिले, आणि तो घाई न करता थांबला.

"हुलगा पेर," मी म्हटलं.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. हुलगा विरळच उगवला. थोरल्यानं काढून, झोडून, वेगळ्या पिशवीत बांधून ठेवला. मी न्यायला गेले तेव्हा म्हणाला, एवढाच झाला, उतारावर माती ऱ्हात न्हाय, पुढल्या साली बांध घालू या. मी बरं म्हटलं आणि पिशवी उचलली. हलकीच होती.